खुब्याच्या फ्रॅक्चरची रजिस्ट्री: ठाण्यातल्या एका रुग्णालयातल्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

मी फिजिओथेरपिस्ट. ठाण्यात माजिवड्याजवळ ट्रस्टचं एक मध्यम आकाराचं रुग्णालय आहे, तिथे अकरा वर्षं काम करते. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की मला बोलावणं येतं ते ऑपरेशन झाल्यावर. गेल्या महिन्यात वर्तकनगरच्या एक आजी आल्या होत्या. मंगळवारी पहाटे बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या, त्याच सकाळी आमच्याकडे आल्या आणि रॉड बसला पुढच्या सोमवारी. मी त्यांना पहिल्यांदा कुशीवर वळवलं तेव्हा माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती. मला धाकटी बहीण समजून त्या "शके, दार लाव गं" म्हणत होत्या. मुलगा सांगत होता, आदल्या दिवशी आईने बसून दोन जुड्या मेथी निवडली होती.

सहा दिवस कशात गेले? ज्याला विचारलं त्याच्याकडे आपापलं उत्तर होतं, फाइलमध्ये मात्र एकही नव्हतं. म्हणून ऑर्थोच्या सरांना म्हटलं, आपण साठीच्या पुढच्या प्रत्येक खुब्याची नोंद ठेवू या. सर म्हणाले, "ठेवा, पण भरायची तुम्ही. रेसिडेंट येतात नि जातात."

नोंदीचे प्रश्न आपण शोधून काढायची गरज नव्हती. स्वीडनमध्ये १९८८ पासून ‘रिक्सहॉफ्ट’ ही रजिस्ट्री आहे, स्कॉटलंडने १९९३ मध्ये सुरुवात केली, इंग्लंडचा नॅशनल हिप फ्रॅक्चर डेटाबेस २००७ पासून चालू आहे. तो हाडांच्या आणि वृद्धांच्या डॉक्टरांच्या संघटनांनी मिळून काढला. ३६ तासांच्या आत शस्त्रक्रिया आणि आणखी काही अटी पाळल्या, तर २०१० पासून तिथल्या रुग्णालयाला त्या पेशंटमागे जादा पैसे मिळतात. २००७ ते २०११ या काळात तिथे ३० दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण १०.९ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आलं. जादा पैसे आम्हाला कोणी देणार नाही. काय विचारायचं आणि कधी विचारायचं, एवढं त्यांच्याकडून घेतलं.

२१ जून

पहिला फॉर्म ७४ प्रश्नांचा केला होता. एक भरायला पंचवीस मिनिटं लागली. वॉर्डच्या इन-चार्ज सिस्टरने तीन दिवसांनी सगळे कोरे फॉर्म परत आणून दिले आणि म्हणाल्या, "मॅडम, रात्री एका सिस्टरकडे बावीस पेशंट असतात." बरोबर होतं त्यांचं. दोन दिवस बसून कापाकापी केली. ज्या उत्तराने आपण काही वेगळं करणार नाही तो प्रश्न काढला, ही एकच कसोटी लावली. रक्तगट गेला, व्यवसाय गेला, इम्प्लांटचा साइज गेला. २८ राहिले. आता सात मिनिटं लागतात. छपाईचे ₹९०० वाया.

१ जुलै

एथिक्स कमिटीकडे आधी जायला हवं होतं, मी फॉर्म छापून झाल्यावर गेले. पहिलाच प्रश्न आला: हे ऑडिट की संशोधन? आतल्या सुधारणेसाठी नोंद ठेवायला हरकत नव्हती, पण घरी गेल्यावर फोन करायचे असतील तर संमतीपत्र मराठी, हिंदी, इंग्रजीत हवं, आणि पुढची बैठक पाच आठवड्यांनी. तोपर्यंत फोन बंद. जो कोणी हे करणार असेल त्याने अर्ज पहिल्या दिवशी टाकावा. नाव आणि मोबाइल नंबर वेगळ्या वहीत, कुलपात. शीटमध्ये फक्त अनुक्रमांक.

१६ जुलै

रविवार पूर्ण आणि आजचा अर्धा दिवस एक्सेलने खाल्ला. तास काढायला सूत्र घातलं तर २ जुलैला येऊन ४ जुलैला ऑपरेशन झालेले आजोबा साठ दिवस थांबलेले निघाले. लॅपटॉप अमेरिकन पद्धतीवर लावलेला होता. ०२/०७ लिहिलं की तो ७ फेब्रुवारी वाचायचा आणि ०४/०७ म्हणजे ७ एप्रिल. १२ तारखेनंतरच्या नोंदी तर त्याने तारीखच मानल्या नाहीत, तिथे नुसती चूक दाखवत होता आणि त्यामुळेच माझं लक्ष गेलं. सगळे पेशंट पंधरा तारखेनंतरचे असते तर लगेच कळलं असतं. सगळे पहिल्या आठवड्यातले असते तर कदाचित कधीच कळलं नसतं.

आता दिवस, महिना, वर्ष तीन वेगळ्या खान्यांत. महिना अक्षरी. वेळ चोवीस तासांच्या घड्याळाची, कारण ‘१२.३०’ म्हणजे दुपार की मध्यरात्र हे दोन फाइलींत शेवटपर्यंत कळलं नाही. चौदाही फॉर्म हाताने पुन्हा टाकले.

जन्मतारखेचंही तेच. निम्म्या लोकांच्या कागदावर १ जानेवारी किंवा १ जून. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली. तारीख काढून टाकली, फक्त वय ठेवलं.

२९ जुलै

या सगळ्या कामातली सर्वांत मोठी चूक आज सापडली, आणि ती मी केलेली आहे.

संध्याकाळी वॉर्डच्या मावशी मला म्हणाल्या, "ताई, त्या कळव्याच्या आजींचं लिहिलंत का? ज्यांना डामा घेऊन नेलं?" डामा म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता, तसं लिहून देऊन पेशंटला घरी नेणं. मी म्हटलं, कोण आजी? मला माहीतच नव्हत्या. मी पेशंटची नावं घेत होते ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या रजिस्टरमधून. ज्याचं ऑपरेशन झालं तोच माझ्या यादीत. ज्याचं झालं नाही तो माझ्या हिशेबात आलाच नव्हता.

एक्स-रे विभागातल्या दादांना घेऊन बसले. १० जूनपासूनच्या फिल्म त्यांनी एकेक उजेडावर धरल्या आणि मी कॅज्युअल्टीच्या रजिस्टरशी नावं जुळवली. साडेनऊ वाजले. सहा पेशंट निघाले. तिघांना घरचे लिहून देऊन घेऊन गेले होते, दोघांना खर्च झेपेना म्हणून आणि एकाला ‘या वयात चिरफाड नको’ म्हणून. एक मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात हलवले. एका आजोबांना सरांनीच ऑपरेशन न करता ठेवायचं ठरवलं होतं. आणि एक आजी तिसऱ्या दिवशी पहाटे गेल्या, वाट बघत असताना. त्यांच्या फाइलवर ‘उद्याच्या यादीत’ असं लिहिलेलं होतं.

या आजी नोंदीत नसत्या तर आमची रजिस्ट्री म्हणाली असती की या दोन महिन्यांत ऑपरेशनपूर्वी कोणीही दगावलं नाही. शब्दाने खोटं नाही, आणि तरी धादांत खोटं. मी रात्रभर झोपले नाही.

दुरुस्ती: नोंद ओटीत नाही, एक्स-रेच्या टेबलावर सुरू होते. साठीच्या पुढचा माणूस आणि खुब्याचं फ्रॅक्चर दिसलं की दादा पाकिटावर लाल गोल स्टिकर लावतात आणि क्रमांक एका वहीत टाकतात. दर संध्याकाळी मी ती वही आणि माझी यादी जुळवते. स्टिकरचं पाकीट ₹१२०. ऑपरेशन न झालेल्यांसाठी फॉर्ममध्ये वेगळा खाना: का नाही, कोणी ठरवलं, कुठे गेले.

१२ ऑगस्ट

घड्याळ कुठून सुरू करायचं? मी फाइलवरची ॲडमिशनची वेळ धरत होते. ती वेळ म्हणजे डिपॉझिट भरून बेड मिळाल्याची वेळ. गेटवरच्या सिक्युरिटीच्या वहीत रुग्णवाहिका आत आल्याची वेळ असते, ती आठ जणांसाठी जुळवून बघितली. सगळ्यांत कमी फरक चाळीस मिनिटांचा, सगळ्यांत जास्त पाच तासांचा. पाच तास ते आजोबा स्ट्रेचरवर होते, कारण मुलगा पुण्याहून एटीएम कार्ड घेऊन यायचा होता.

आता कॅज्युअल्टीत पहिलं बीपी घेतलं की ती वेळ हीच शून्य वेळ. कॅज्युअल्टीचं भिंतीवरचं घड्याळ वॉर्डपेक्षा अकरा मिनिटं पुढे होतं. नवीन घेतलं, ₹३५०.

२६ ऑगस्ट

उशिराचं कारण या खान्यात बावीसपैकी सतरा फॉर्मवर एकच शब्द: ‘फिटनेस’. फिजिशियनने ‘फिट’ लिहिलं नाही म्हणून थांबलो. या शब्दाखाली काय काय दडलंय ते बघायला सतराही फाइली उघडल्या. २डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करणारे डॉक्टर आठवड्यातून तीनच दिवस येतात. रक्त पातळ करायची गोळी चालू होती, पाच दिवस थांबा. सोडियम कमी. रक्ताची पिशवी मिळेना. नातेवाइकांचं ठरेना. विम्याची मंजुरी नाही. ओटीच्या यादीत जागा नाही. यातली पहिली चार वैद्यकीय दिसतात, पण इकोची वाट बघणं हे हृदयाचं दुखणं नाही, वेळापत्रकाचं आहे. ‘फिटनेस’ हा पर्याय फॉर्ममधून काढून टाकला. त्या जागी आठ कारणं, एकावरच खूण, आणि कधीपासून कधीपर्यंत.

फिजिशियन मॅडमशी बोलायला गेले तेव्हा मनात राग होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "टेबलावर काही झालं तर सही माझी असते." हे मी कधी त्यांच्या बाजूने बघितलं नव्हतं. मग आम्ही एक तास कागद घेऊन बसलो. २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये आलेली हिप अटॅक चाचणी त्यांनीच काढली: १७ देश, त्यात भारतही, २,९७० पेशंट. निदानापासून साधारण सहा तासांत ऑपरेशन झालेला गट आणि साधारण चोवीस तासांत झालेला गट यांच्या मृत्यूंत ठोस फरक निघाला नाही. मॅडम म्हणाल्या, "बघा, घाईने जीव वाचत नाही." मी म्हटलं, "मॅडम, यातला सावकाशचा गटसुद्धा एका दिवसात ओटीत आहे. आपले चौथ्या दिवशी जातात." शिवाय लवकरच्या गटात भ्रम कमी, लघवीचा संसर्ग कमी, माणसं लवकर उभी राहिली. ते तर माझ्याच कामाचं.

ठरलं ते असं. छातीत नवीन मर्मर (हृदयाच्या ठोक्यांतला वेगळा आवाज), धाप, नुकताच आलेला झटका असं काही असेल तरच इकोसाठी थांबायचं, नाहीतर ईसीजी आणि तपासणीवर पुढे. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पाच दिवस मोजत बसायचं नाही, भूल कोणती द्यायची ते भूलतज्ज्ञ ठरवतील. मॅडमनी हे एका पानावर लिहून खाली तिघांच्या सह्या घेतल्या. आता जबाबदारी एकट्या त्यांच्या डोक्यावर नाही. माझ्या मते या अख्ख्या प्रकल्पातला सर्वांत उपयोगी कागद तो आहे.

५ सप्टेंबर

विम्याच्या मंजुरीला सरासरी एक दिवस जातो असं दिसत होतं आणि आम्ही सगळे विमा कंपन्यांना दोष देत होतो. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकात कॅशलेसचा निर्णय एका तासात द्यायला सांगितलं आहे. ते घेऊन भांडायला म्हणून ईमेलच्या वेळा काढल्या. कंपनीचं उत्तर बहुतेक वेळा त्याच दिवशी आलेलं होतं. आमचाच डेस्क संध्याकाळी सहाला बंद होतो, त्यामुळे रात्री आठला आलेल्या पेशंटचे कागद दुसऱ्या दिवशी साडेदहाला जायचे. आता रात्रीच्या बिलिंग क्लार्कला ते कागद पाठवायला शिकवलंय. शिकवायला दोन संध्याकाळी गेल्या, बाकी खर्च शून्य.

१४ सप्टेंबर

गणपती, गौरी. पाच दिवस कोणीच फॉर्म भरला नाही. मीही रजेवर. परत येऊन आठवून आठवून भरायला घेतलं आणि तिसऱ्या फॉर्मला थांबले. जे त्या वेळी लिहिलं नाही ते आता माहीत नाही. ‘नोंद नाही’ असा पर्याय प्रत्येक खान्यात घातला. रिकामा खाना आणि ‘नाही’ हे उत्तर आधी एकसारखंच दिसायचं.

२३ सप्टेंबर

"पडायच्या आधी आई चालत होत्या का?" या प्रश्नाला प्रत्येक मुलगा, प्रत्येक सून एकच सांगते, "हो, एकदम व्यवस्थित." त्यात खोटेपणा नसतो. आई आजारी नव्हती एवढंच त्यांना म्हणायचं असतं. पण त्या उत्तराच्या भरवशावर मी दोन महिने पेशंटना चालण्याचं उद्दिष्ट ठरवून देत होते, आणि दोघी आजी दीड वर्षापासून घराबाहेरच पडल्या नव्हत्या हे नंतर कळलं.

आता असं विचारते: भाजी कोण आणतं? देवळात एकट्या जायच्या की कोणी हात धरायचं? काठी घरात कुठे ठेवलेली असते? रात्री संडासला उठायच्या का, भिंत धरून? शेवटचा जिना कधी उतरल्या? काठीचा प्रश्न सगळ्यांत कामाचा आहे. "काठी आहे, पण त्या वापरत नाहीत" असं म्हणणाऱ्या सुनेला ती कुठे असते विचारलं तर पटकन म्हणते, "पलंगाला टेकवलेली." म्हणजे वापरतात. उत्तरं ऐकून पाचांपैकी एक पायरी मी ठरवते: बाहेर विनाआधार, बाहेर एका काठीने, वॉकर किंवा दोन काठ्या, फक्त घरात, अंथरुणात.

७ ऑक्टोबर

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठवलं का, हा खाना माझा स्वतःचा. वाराप्रमाणे लावून बघितला. सोमवार ते शुक्रवारी ऑपरेशन झालेले बहुतेक सगळे दुसऱ्या दिवशी उभे. शनिवारी झालेल्या सातांपैकी एकही नाही. सगळे सोमवारी. कारण रविवारी आमच्या विभागाला सुट्टी.

तीन महिने मी इको, विमा, डिपॉझिट यांच्यामागे हिंडत होते आणि अकरा वर्षं दर शनिवारच्या पेशंटचा एक दिवस मी स्वतः घालवत होते. सरांच्या समोर हा तक्ता ठेवणं जड गेलं, पण ठेवला.

दोन गोष्टी केल्या. आम्हा चौघींची रविवारची सकाळ आळीपाळीने, बदली सुट्टी बुधवारी. आणि वॉर्डच्या दोन सिस्टर, दोन मावशी, एक मामा यांना उठवायचं शिकवलं: आधी दुखण्याचं औषध देऊन अर्धा तास थांबायचं, मग चांगल्या पायाच्या बाजूने पलंगाच्या कडेला बसवायचं, पाय जमिनीला टेकलेत ना बघायचं, दोन मिनिटं चक्कर येते का बघायचं आणि मगच वॉकर. पहिल्याच रविवारी मामांनी वॉकर उलटा धरला आणि आजी मागे पलंगावर बसल्या. इजा झाली नाही. वॉकरच्या पुढच्या आडव्या नळीवर लाल पट्टी चिकटवली, पट्टी पेशंटच्या समोर, लांबच्या बाजूला आली पाहिजे.

१८ नोव्हेंबर

डिस्चार्जच्या वेळी हाडं मजबूत करायचं औषध दिलं का, या खान्यात जवळजवळ सगळीकडे ‘हो’. छान वाटलं. मग कार्डं वाचली. सगळ्यांना कॅल्शियमची गोळी. तेवढ्याला मी ‘हो’ लिहीत होते. एक खुबा मोडलेल्या माणसाचा दुसरा मोडायचा धोका मोठा असतो, आणि तो नुसत्या कॅल्शियमने टळत नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत आणि मग वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाइन दिलेल्या गटात मृत्यू २८ टक्क्यांनी कमी होते. आधी व्हिटॅमिन डी भरून काढावं लागतं आणि किडनीची तपासणी लागते, म्हणून ते लगेच देता येत नाही आणि मग राहूनच जातं. आता टाके काढायच्या भेटीच्या कागदावरच रक्ततपासणी आणि सलाइनची तारीख लिहून देतो. जुन्या ३१ नोंदी दुरुस्त केल्या.

१६ डिसेंबर

घरी गेलेल्या पेशंटना करायचे १२० दिवसांचे फोन. पहिल्या वीस फोनमध्ये फक्त सात लागले. नंबर ज्याने पैसे भरले त्याचा असतो, आजी राहतात दुसऱ्याकडे. अनोळखी नंबर कोणी उचलत नाही. आता दोन नंबर घेतो, दुसरा नंबर ‘घरी आजींना जेवायला कोण वाढतं’ त्या माणसाचा. आदल्या दिवशी रुग्णालयाच्या नावाने व्हॉट्सॲप, दुसऱ्या दिवशी दुपारी चार ते सहा फोन. पुढच्या वीसपैकी सोळा लागले. महिन्याचं रिचार्ज ₹२९९.

आजी गेल्या असतील तर काय बोलायचं याची तयारी मी केली नव्हती. "आता कशा आहेत आजी?" असं मी हसत विचारलं आणि पलीकडे शांतता. त्यानंतर फोनची सुरुवात बदलली. "मी रुग्णालयातून बोलतेय, आजींची चौकशी करायला. आत्ता बोलायला वेळ आहे का?" मग ते सांगतात, आपण ऐकायचं. एका मुलाने वीस मिनिटं आईबद्दल सांगितलं. फॉर्ममध्ये त्यातलं फक्त एक टिक गेलं, पण फोन मध्येच ठेवायचा नाही असं मी आमच्या विभागातल्या मुलींना सांगून ठेवलंय.

२० जानेवारी २०२५

पहिली एकत्र बैठक. सर, मॅडम, भूलतज्ज्ञ, सिस्टर, बिलिंग, एक्स-रेचे दादा, मावशी. ६३ नोंदी. पहिल्या दहांपैकी एकाचं ऑपरेशन पहिल्या बीपीपासून ४८ तासांत झालं होतं, शेवटच्या दहांपैकी सहांचं. मृत्यू कमी झाले का, असं ट्रस्टींनी विचारलं. एवढ्या थोड्या पेशंटवर ते सांगता येणार नाही असं मी सांगितलं, त्यांना ते फारसं आवडलं नाही. आत्तापर्यंत रोख खर्च ₹६,४०० आणि माझे आठवड्याला साधारण पाच तास. सिस्टरने मागितलेली दोन हवेच्या गाद्यांची मागणी मात्र मंजूर झाली.

उरलेल्या चार जणांचं काय ते बैठकीनंतर बघत बसले. दोघांना रक्ताची पिशवी उशिरा मिळाली. बाकी दोघांच्या फॉर्ममध्ये ‘कधी पडले’ आणि ‘पहिलं बीपी’ यांच्यातच चार आणि नऊ दिवस. एकाला हाडवैद्याने चोळून पट्टा बांधला होता, सोडियम इतकं खाली की आणखी दोन दिवस थांबावं लागलं. दुसऱ्या आजींचा एक्स-रे पडल्या त्याच दिवशी निघाला होता, ‘हाड ठीक आहे, मार लागलाय’ म्हणून घरी पाठवलं. हाड न सरकता चिरलेलं असलं की साध्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही. त्या नऊ दिवस घरात भिंत धरून चालल्या आणि नवव्या दिवशी ते पूर्ण सुटलं. आमचं घड्याळ सुरू होतं कॅज्युअल्टीत, त्यांचं उशिराचं दुखणं त्याच्या आधीच होऊन गेलेलं.

येत्या बुधवारची माझी बदली सुट्टी आहे. बाळकुमपासून कशेळी, काल्हेरपर्यंतच्या फॅमिली डॉक्टरांकडे, दोन एक्स-रे सेंटरवर आणि त्या हाडवैद्यांकडेही जाणार आहे. आखूड होऊन बाहेर वळलेल्या पायाचं एक चित्र नेणार. त्याच्या खाली एकच ओळ लिहून घेतली आहे: पाय सरळ दिसला, एक्स-रे ठीक आला आणि तरीही त्या पायावर भार देता येत नसेल, तर पाठवा. खाली कॅज्युअल्टीचा नंबर. दादा म्हणालेत, मीही येतो, फिल्म कशी बघायची ते मी दाखवतो.